सीटखाली सापडेल ते

“आण्णा, हातात कायतरी घुसलं बघा,” म्हणत जयसिंगनं अँब्युलन्सच्या सीटखालून हात बाहेर काढला. अंगठ्याच्या मुळाशी इंजेक्शनची सुई उभी होती. मागच्या नळीत थोडं रक्त होतं आणि ते त्याचं नव्हतं.

सर्व्हिसिंग सेंटरचे मालक आण्णा लांबूनच ओरडले, “उपस की मग! डिझेलनं धू, काय व्हत न्हाय. सुई दे ओढ्यात फेकून. गाडी दुपारी द्यायची हाय.”

उद्यमनगरात गाड्या धुणाऱ्यांचा एक जुना हक्क होता. सीटखाली सापडेल ते धुणाऱ्याचं. कुठे हेअरपिन, कुठे गोट्या, एकदा तर अख्खी बाहुली. संध्याकाळी जयसिंग घरी आला की लेक प्रीती आधी त्याच्या खिशात हात घालायची. त्या हातासाठी तो रोज उघड्या हातानं सीटखाली चाचपायचा. गाडी दवाखान्याची आहे, हे हाताला कुठलं कळायला!

ओढ्यात माणसं अनवाणी उतरून म्हशी धुतात. जयसिंगनं सुई ग्रीसच्या रिकाम्या डब्यात टाकली, झाकण ठोकून बसवलं आणि डबा घेऊन सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी डबा ठेवून घेतला. “हातमोजे नव्हते?”

“न्हाईत, सायेब.”

“या गोळ्या महिनाभर घ्या. आज तपासून काही कळणार नाही. तीन महिन्यांनी या. तोवर बायकोपासून जपून. घरात बाकी शिवाशिवीनं काही होत नाही.”

डॉक्टरांनी रोगाचं नाव हळू आवाजात घेतलं. तेवढ्यानंच जयसिंग खचला. त्या रोगानं गेलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला खांदा द्यायला चार माणसं जमली नव्हती, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाशिवीचं डॉक्टरांनी सांगितलेलं त्याच्या कानात शिरलंच नाही.

त्यानं ताट वेगळं केलं, अंथरूण बाहेरच्या सोप्यात टाकलं. बायको सोनूबाई रडकुंडीला आली. “अवो, माझं काय चुकलं, सांगा तरी!” खरं सांगितलं असतं तर घर त्याच दिवशी बसलं असतं.

प्रीती सवयीनं खिशाकडे आली तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर खेकसला, “लांब हो! हात लावू नगंस. इख असतंय त्यात!” पोरगी दचकून भिंतीला टेकली. मग त्यानंच तिला शिकवलं, बाहेरचं काही उचलायचं तर हातात दुधाची पिशवी घालून. पुढं तीन महिने पोरगी खिशाकडे फिरकली नाही.

रिपोर्ट आला. “आत्ता तरी काही नाही,” डॉक्टर म्हणाले. “सहा महिन्यांनी खात्रीसाठी पुन्हा या.” जयसिंगला फक्त ‘आत्ता तरी’ ऐकू आलं. सकाळी तीच अँब्युलन्स पुन्हा धुवायला आली होती. हातमोजे आण्णांनी अजून आणले नव्हते.

तरीही परतताना त्यानं महाद्वार रोडवर लाल क्लिप विकत घेतली. दुकानातली, कोरी. दारातच त्यानं हाक मारली, “प्रीते, बघ की काय आणलंय!”

प्रीती आली. क्लिप पाहून तिचे डोळे चमकले. ती धावत आत गेली. जयसिंग तळहात पुढे धरून उभा राहिला.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात दुधाची पिशवी चढवलेली होती, मनगटापर्यंत. पिशवीतल्या बोटांनी तिनं बापाच्या तळहाताला न शिवता क्लिप अलगद उचलली.

“बरोबर केलं न्हवं, आबा?” तिनं विचारलं.

“व्हय,” जयसिंग म्हणाला आणि हात तसाच धरून राहिला.