कोरी केलेली कॅसेट

टेपरेकॉर्डर दुरुस्तीत मिस्त्रींचा हात धरणारा कोणी नव्हता. लॅपटॉपपुढे मात्र त्यांची मती गुंग व्हायची. तरी हट्ट सोडवेना. बायको गाणं शिकवायची. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला आणि तिच्या गाण्याची एकच कॅसेट घरात उरली, तीही झिजलेली. ती लॅपटॉपवर उतरवून घरच्या मोठ्या स्टिरिओवर तिला ऐकवायची, एवढंच त्यांनी मनात घेतलं होतं.

परवा ती बहिणीकडे गेल्याची संधी साधून त्यांनी टेपपासून लॅपटॉपपर्यंत वायर जोडली आणि गाणं उतरवलं. सुरुवातीच्या दोन ओळी लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकल्या. ठीक वाटल्या. मग सवय आडवी आली. दुकानात चाळीस वर्षं नक्कल झाली की जुनी कॅसेट कोरी करून गिऱ्हाइकाला परत द्यायची, पुन्हा वापरायला. हाताने डोक्याला न विचारताच काम उरकलं.

आज बायको केस विंचरून, गळ्याला स्कार्फ गुंडाळून खुर्चीत बसली. मिस्त्रींनी लॅपटॉप स्टिरिओला जोडला. गाणं सुरू झालं, पण लांबून, शेजारच्या खोलीतून यावं तसं. वर पंख्याची घरघर. परवा टेपची वायर नीट बसलीच नव्हती. लॅपटॉपने आपल्याच माइकने खोलीतलं जे कानावर पडेल ते टिपलं होतं, आणि छोट्या स्पीकरने ते झाकून ठेवलं होतं.

परवा खोलीत आणखी काय झालं होतं, हे त्यांना आठवेपर्यंत स्टिरिओत फोन वाजला. लेकीचा. पाठोपाठ त्यांचाच आवाज, खोलीभर.

"आईचा आवाज आता परत येणार नाही. डॉक्टर मला एकट्यालाच बोलले. तिला कळू देऊ नकोस, ती रोज वाट बघते."

मिस्त्रींनी झडप घालून आवाज बंद केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी तर तोंडातून शब्द फुटेना. त्या घरात आता दोघंही मुकी होती.

 मग बायकोने हात वर करून खूण केली, आवाज वाढवा. त्या बोलण्याखाली तिचं गाणं चालूच होतं, आणि दुसरी नक्कल जगात कुठेच नव्हती. मिस्त्रींनी गाणं मागे नेलं आणि आवाज वाढवला.