न टोचलेले इंजेक्शन

मी एक जुनी, मान मोडलेली काचेची कुपी आहे. तुमच्या करंगळीएवढीच. मित्रांनो, कारखान्यात माझ्या पोटात भुलीचे औषध भरले, ज्योतीवर माझे तोंड वितळवून बंद केले आणि मला बहिणीशेजारी खोक्यात निजवले. आम्हा दोघींत एकाच घाण्याचे औषध होते. अंगावर बॅच नंबरही एकच.

१९९० साली पडघ्याकडच्या अनंताने आम्हाला भिवंडीतल्या दुकानातून विकत घेतले. त्याच्या बायकोचे, काशीचे, अपेंडिक्सचे ऑपरेशन होते. डॉक्टरांनी माझ्या बहिणीतले औषध तिच्या कमरेत टोचले. मी उरले, म्हणून नर्सने मला अनंताच्या हाती परत दिले.

भूल उतरेल, असे सगळे म्हणत होते. ती उतरलीच नाही. काशीचे दोन्ही पाय कायमचे गेले. शेजारच्या खाटेवर नारपोलीची चंद्रा होती, यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरणारी. तिचेही पाय तसेच गेले होते.

चंद्राच्या ओळखीने प्रमोदिनीबाई आल्या. त्या वकील होत्या. "टोचलेल्या औषधाची बाटली कुठे आहे?" त्यांनी सर्वांना विचारले. रिकाम्या कुप्या कचऱ्यात गेल्या होत्या. अनंताने मला खिशातून काढले. बाईंनी मला डबीत घातले, डबीवर लाखेची मोहोर लावली आणि आपल्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातले.

तिथे मी वर्षानुवर्षे राहिले. त्या अंधारात ना उजाडायचे, ना मावळायचे. जे औषध काशीच्या अंगात भिनले, तेच माझ्या पोटात होते आणि मला ते ना सांडता येत होते, ना सांगता येत होते. कपाटाबाहेरून तारखा पडल्याचे तेवढे ऐकू येई. बाईंनी वज्रेश्वरीच्या वाटेवरच्या गावांतूनही त्याच बॅचचे औषध टोचलेल्या बायका शोधून काढल्या. साऱ्यांची केस माझ्या एकटीवर उभी होती.

एके दिवशी बाईंच्या कचेरीत औषध कंपनीचा माणूस आला. काशीला अनंताने पाठीवर उचलून आणले होते.

"काशीताई, केस किती वर्षं चालेल, देव जाणे," तो गोडीने म्हणाला. "ती कुपी आम्हाला द्या. आजच तडजोड करू. बाकीच्यांचं ओझं तुम्ही कशाला वाहता?"

प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "कुपी तुमची आहे, काशीताई. मी तुम्हाला अडवणार नाही."

अनंताचा आवाज रडवेला झाला. "काशे, देऊन टाकू. मी थकलू आता."

मग काशी म्हणाली, "थकले तं मी पन हाय. पन ही दिली तं चंद्रीनं काय दाखवायचा? तिच्याकडं तं ही पन न्हाय."

तो माणूस निघून गेला. त्या खोलीत अनंता हुंदके देत राहिला.

पुढे ठाण्याच्या ग्राहक न्यायालयाने मला सरकारी प्रयोगशाळेत पाठवले. तिथे माझी मान मोडली. उजेड दिसला, पण घटकाभरच. औषधात भेसळ निघाली. निकाल बायकांच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली आणि कंपनीचे ते औषध दुकानांतून उचलले गेले.

"म्हंजे आता त्या औषद कोनाला टोचनार न्हाय ना?" काशीने विचारले.

"नाही," बाई म्हणाल्या.

काशी हसली. मग तिने न्यायालयातल्या बाकावरून आपला एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला आणि अनंताला हाक मारली.

आता मी रिकामी आहे. निकाली प्रकरणांच्या पेटीत बंद. इथून मला कोणी काढणार नाही. तरी मित्रांनो, एवढे ऐका. घरातल्या कोणाला सुई टोचली, तर औषधाचे नाव विचारून घ्या. काही विपरीत घडले, तर कुपी फेकू नका, जाणत्या वकिलाला दाखवा. आणि शेजारच्या खाटेवर कोण निजले आहे, त्यांचीही विचारपूस करा.