समोरच्या खिडकीतलं बाळ

मी एक जुना एसी आहे. खिडकीत बसवतात त्या जातीचा, म्हणजे तोंड घरात आणि पाठ गल्लीत. एका वकीलसाहेबांनी मला आणलं ते त्यांच्या म्हाताऱ्या आईसाठी. आईंना उकाडा सोसत नसे. पहिल्याच दुपारी त्या माझ्यासमोर गाढ झोपल्या आणि घरात माझं कोण कौतुक झालं! वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, माझी जाळी स्वतःच्या हाताने धुवायच्या.

पण मित्रांनो, गारवा काही मी हवेतून निर्माण करत नाही. खोलीतली उष्णता उचलायची आणि मागे फेकायची, एवढंच माझं काम. मागे होती हातभर रुंदीची गल्ली आणि गल्लीपलीकडे एका शिवणकाम करणाऱ्या बाईची खिडकी.

उन्हाळे वर्षागणिक कडक होत गेले. माझे भाऊबंद भिंतीभिंतीवर धापा टाकू लागले. आम्ही गल्ली तापवायची, तापलेल्या भिंतींनी घरं तापवायची आणि घरातल्यांनी आम्हाला आणखी पळवायचं!

एकदा ती शिवणकामवाली दारात आली.

"साहेब, तुमच्या मशीनची सगळी झळ आमच्या घरात येते. खिडकी उघडली तर भाजतं, लावली तर घुसमटतं. तान्हं बाळ आहे हो घरात."

"अहो, गल्लीत एवढी मशीनं आहेत. माझ्या एकट्यामुळे का उकडतंय?"

"एकट्यामुळे नाही. पण माझ्या खिडकीसमोर तुमचंच आहे."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दार लागलं.

मग ती दुपार आली. वारा मेलेला, पत्रे तडतडत होते. पलीकडे बाळ रडत होतं. रडता रडता त्याचा आवाज बारीक झाला आणि थांबला. मी तर गरम हवा ओकतच होतो. थांबणं माझ्या हातात नव्हतं.

"कुणीतरी या हो! बाळ डोळे उघडत नाहीये!"

वहिनींनी धावत येऊन माझं बटण बंद केलं आणि तशाच जिना उतरल्या.

"अगं, आई झोपलीये!" साहेब ओरडले.

"मी जागी आहे," आई उठून बसल्या. "माझ्या गारव्यापायी त्या लेकराचं काही झालं, तर मला झोप लागेल का रे?"

वहिनी बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन आल्या. मागोमाग तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई धावल्या. ओल्या फडक्याने अंग पुसत त्या म्हणाल्या, "खोली गार ठेवा." साहेबांचा हात बटणावर अडखळला.

"लाव," आई म्हणाल्या. "आता बाळ या बाजूला आहे."

मी जीव तोडून चाललो. बऱ्याच वेळाने बाळाने ओठ हलवले आणि असा टाहो फोडला की माझी घरघरही ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी मला खोलीच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीत बसवायचं साहेबांनी ठरवलं. तिकडून वाकून पाहिलं, तर तिथेही कुणाची तरी खिडकी. ते परतले.

आता मी फक्त भर दुपारी लागतो. तेव्हा शिवणकामवाली बाळाला घेऊन इथेच बसते. गच्ची तापू नये म्हणून तिला पांढरा चुना दिलाय. साहेब दारोदार जाऊन इतरांनाही एसी जपून लावायला सांगतात. परवा एकाने सुनावलं, "इतकी वर्षं तुम्ही गार झोपलात, आणि आता आम्हाला शहाणपण?" मान खाली घालून त्यांनी पुढच्या दाराची बेल वाजवली.

मित्रांनो, मला भंगारात काढा असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना मी हवाच. पण मला लावण्याआधी एकदा खिडकीतून वाकून बघा. झळ पोचते त्या घरात कोण राहतं, ते तुम्हाला ठाऊक असू द्या. कारण तिथलं एखादं बाळ रडायचं थांबलं, तर माझ्या घरघरीत तुम्हाला ऐकू येणार नाही.