अत्यावश्यक सेवा वगळून

"आजोबा गेले," साहेब फोनवर म्हणाले.

सुट्टीवाल्यांनी एका पायात मोजा घातला होता, दुसरा हातात लोंबत होता. "अरेरे," ते म्हणाले. "तुमचे?"

"माझे कुठले? देशाचे! आदेश काढायचाय सुट्टीचा. या ताबडतोब."

"साहेब, आज माझी रजा आहे."

"अहो, आज सगळ्यांनाच सुट्टी. पण ती देणार कोण? शिक्का तुमच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली तुमच्या खिशात. या, अर्ध्या तासाचं काम आहे."

आजोबा म्हणजे एक फार जुने, फार मोठे पुढारी. गेले काही महिने ते इस्पितळात होते आणि सुट्टीवाल्यांच्या टेबलावर त्यांच्या दुखवट्याचा आदेश तयार पडून होता. तारखेची जागा तेवढी रिकामी. ऑफिसातली माणसं सकाळी पेपरात आधी आजोबांची तब्येत वाचायची. "शुक्रवारपर्यंत तग धरला तर बरं," एकजण म्हणायचा, "शनिवार-रविवारला जोडून येईल." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन चहाच्या कपात बघत बसायचा.

देशाच्या सुट्ट्यांची यादी दरवर्षी ज्या टेबलावरून निघते, त्या टेबलावर सुट्टीवाल्यांची सगळी नोकरी गेली. एखादी सुट्टी सोमवारी आली की लोक जिन्यात त्यांचा हात हातात घेत. रविवारी आली की अख्खं खातं आठवडाभर त्यांच्याशी धड बोलत नसे. जणू पृथ्वी त्यांनीच मुद्दाम जरा जास्त फिरवली. शिक्का कुलपात का, तर फार पूर्वी कोणीतरी तो चोरून एक खोटी सुट्टी काढली होती आणि चार मजले दोन दिवस ओस पडले होते. तेव्हापासून किल्ली सुट्टीवाल्यांच्या खिशात. ते कधी चुकत नाहीत, असा लौकिक होता. साहेब त्यांचा कागद न वाचता सही करत.

पण आजचा दिवस त्यांनी स्वतःसाठी मागून घेतला होता. आज त्यांच्या बायकोचा नोकरीतला शेवटचा दिवस.

बायको सरकारी इस्पितळात सिस्टर. लग्न झालं तेव्हा दोघांनाही वाटलं होतं, बरं झालं, दोघंही सरकारी, सुट्ट्या सारख्याच. सुट्टीवाल्यांना तरी कळायला हवं होतं. कारण प्रत्येक आदेशाच्या शेवटी ते स्वतःच्या हाताने एक ओळ लिहीत: 'ही सुट्टी अत्यावश्यक सेवांना लागू राहणार नाही.' ही ओळ त्यांच्याच घरात राहत होती. सगळा देश घरी बसला की सिस्टर पांढरे बूट घालून निघायच्या आणि सुट्टीवाले झाकून ठेवलेलं जेवण एकटे जेवायचे. सिस्टरांची साप्ताहिक सुट्टी यायची मधल्याच कुठल्यातरी वारी. तेव्हा ते ऑफिसात.

"बुधवारी रजा घ्या ना एखादी," त्या सुरुवातीला म्हणायच्या. "नुसतं बाहेर फिरून येऊ."

"अगं, पुढच्या शुक्रवारी आयती सुट्टी आहे. मग रजा कशाला फुकट घालवायची?"

"पुढच्या शुक्रवारी मी ड्युटीवर आहे."

"मग त्याच्या पुढच्या महिन्यात बघू."

असं बघता बघता डोक्याचे केस पांढरे झाले. रजा मात्र साठत राहिल्या. किरकोळ रजा तर डिसेंबर संपला की आपोआप मरतात. दर वर्षअखेर सुट्टीवाल्यांच्या नावावर त्यांचा ढीग मरायचा, आणि त्याचाही त्यांना एक प्रकारचा अभिमान वाटायचा.

वॉर्डात याची थट्टा होई. सिस्टरांचा नवरा कोणी पाहिलाच नव्हता. ना कुणाच्या लग्नात, ना वार्षिक कार्यक्रमात. "सिस्टर, खरं सांगा, आहेत का हो मिस्टर? का आम्हाला गप्प करायला बनवलेत?" सिस्टर हसायच्या. घरी येऊन हे सांगतानाही हसायच्या. पण परवा रात्री सांगताना हसल्या नव्हत्या.

"निरोप समारंभ आहे माझा. दुपारी चारला. तुम्ही यायचं. काही आणू नका, भाषण करू नका. नुसते येऊन उभे राहा. बघू देत त्यांना एकदा."

"येतो म्हटलं ना."

"या म्हणजे या हं."

आज पहाटे जातानाही दारातून परत मागे वळून तेच म्हणाल्या होत्या.

ऑफिसात पोचून सुट्टीवाल्यांनी तारीख घातली, शिक्का मारला, साहेबांनी सही ठोकली. दहाच्या आत देशाला सुट्टी मिळाली. शाळा सुटल्या, कचेऱ्या रिकाम्या झाल्या. ते किल्ली खिशात टाकून निघणार, तोच साहेब केबिनमधून बाहेर आले. चेहरा पांढराफटक.

"थांबा. गेले नाहीत."

"कोण?"

"आजोबा. आत्ता पेज प्यायले म्हणे."

झालं होतं असं, की कुणा उत्साही अधिकाऱ्याने इस्पितळात आजोबांच्या खोलीचा पडदा ओढलेला पाहिला आणि डॉक्टर मान खाली घालून बाहेर येताना पाहिले. पडदा अंघोळीसाठी होता. डॉक्टरांचा चष्मा पडला होता, तो ते शोधत होते. पण बातमी आपल्या आधी दुसऱ्याने देऊ नये म्हणून या गृहस्थांनी फोन फिरवला.

"आता सुट्टी रद्द करा," साहेब म्हणाले.

"साहेब, दिलेली सुट्टी परत कशी घेणार? लोक घरी गेले. कपडे बदलले असतील."

"ते आपण नाही बघायचं. लिहा."

सुट्टीवाल्यांनी लिहिलं: जे घरी गेले असतील त्यांनी परत यावे. तासाभराने पोरांच्या रांगा उलट्या शाळेकडे निघाल्या, रडत. म्हातारा शिपाई खिडकीतून बघत होता. "माझ्या सुनेचा फोन आला," तो म्हणाला. "तिने विचारलंय, आज जेवायला किती माणसं ते एकदा नक्की सांगा."

जेवणाच्या सुट्टीनंतर सुट्टीवाले साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, मी जातो आता. घरचा कार्यक्रम आहे."

"जा जा," साहेब म्हणाले. "तुमची रजाच आहे. हां, किल्ली तेवढी द्या."

ते ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण इतक्या वर्षांत किल्ली कुणाच्या हातात दिली नव्हती. खिशातून हात निघेना. "पाचच मिनिटं थांबतो," ते म्हणाले. "कुलूप तपासून जातो."

आणि त्या पाच मिनिटांत आजोबा खरोखरच गेले.

मग बैठक बसली. दिवस तर निम्म्याहून जास्त सरलेला. सुट्टी आजची द्यायची की उद्याची? उद्याची दिली तर दुखवटा शिळा वाटेल. आजची दिली तर आज आधी दिलेली आणि परत घेतलेली, तिचं काय? शेवटी ठरलं, उरलेल्या दिवसाची द्यायची, चारपासून बसगाड्याही बंद. घड्याळात सव्वातीन. साहेब दारातून ओरडत होते, "झालं का? वरून फोनवर फोन येतायत."

सुट्टीवाल्यांची बोटं नेहमीसारखी चालली. शेवटच्या ओळीपाशी येऊन थांबली. 'ही सुट्टी अत्यावश्यक सेवांना लागू राहणार नाही.' ही ओळ त्यांनी आयुष्यभर लिहिली होती. आजवर ती नुसती ओळ होती. आज तिच्यात पांढरे बूट दिसले. दाराशी, पहाटेचे, नाडी बांधायला ती वाकलेली.

त्यांनी ओळ सोडून दिली. शेवटचा तर दिवस. एकदा तरी मिळू दे तिला सगळ्यांबरोबर.

साहेबांनी न वाचता सही केली.

सुट्टीवाले खाली आले तेव्हा शेवटची बस त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली. ते चालू लागले. काही आणू नका म्हटलं असलं तरी कोपऱ्यावर फुलांचं दुकान दिसलं, म्हणून वळले. दुकानदार शटर ओढत होता.

"एक गुच्छ द्या की हो."

"काका, आदेश आलाय. सुट्टी."

"अहो, मीच..." ते म्हणाले आणि पुढे निघाले.

सगळा रस्ता त्यांच्याच शिक्क्याने बंद पडला होता. चहाची टपरी बंद, रिक्षा गायब. नवे बूट चावत होते. इस्पितळाच्या फाटकाशी ते लंगडतच पोचले.

"कुठं?" पहारेकऱ्याने अडवलं. "पेशंट कोण तुमचा?"

"पेशंट नाही. मोठ्या सिस्टरना भेटायचंय. मी त्यांचा नवरा."

पहारेकऱ्याने त्यांना डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं. "त्यांना नवरा आहे?"

"आहे."

"मग जरा लवकर यायचं ना. दुपारी सगळ्या वाट बघून गेल्या."

वॉर्डात शिरले तर समारंभाची नुसती खूण उरली होती. टेबलावर केकचा रिकामा खोका, कपांमध्ये गार झालेला चहा, भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला फुगा. माणूस कोणी नाही. लांब खोलीत दोन्ही बाजूंना खाटा आणि मधून सिस्टर एकट्या धावपळ करत होत्या. एका हातात इंजेक्शन, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या.

"आलात?" त्या म्हणाल्या. "ती सलाइनची बाटली धरा जरा. वर. अजून वर."

त्यांनी धरली. "बाकीच्या कुठं गेल्या?"

"पळाल्या. चारनंतर बस नाही म्हटल्यावर काय करतील? पोरंबाळं आहेत त्यांची. घाईघाईत केक कापला, माझ्या तोंडात कोंबला आणि गेल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, मिस्टर नाही आले? म्हटलं, येतायत."

"मग तू का थांबलीस? तुझी वेळ तर संपली."

"संध्याकाळच्या पोरी आल्याच नाहीत. इस्पितळाची गाडी आणते ना त्यांना. ड्रायव्हर म्हणाला, आदेशात लिहिलंय सगळ्यांना सुट्टी, गाडी निघणार नाही. फोन केला तर मला वाचून दाखवला आदेश. वर म्हणतो, सिस्टर, या खेपेला ती आपली ओळ नाहीये." सिस्टरांनी सुई काढून कापूस दाबला. "इतक्या वर्षांत ती ओळ कधी सुटली नाही तुमची. आजच कशी सुटली?"

सुट्टीवाले बाटलीकडे बघत राहिले. थेंब पडत होते.

"सुटली नाही," ते म्हणाले. "सोडली. म्हटलं, तुलाही मिळू दे."

सिस्टर कापूस टाकून आल्या, हात धुतले, पुसले, परत पुसले.

"बुधवारी घ्यायची होती हो," त्या शेवटी म्हणाल्या. "कुठल्याही एका बुधवारी. आदेश नव्हता लागत त्याला."

"हो."

"ती बाटली खुंटीला लावा, बसा आता. ते स्टूल घ्या. पाय बघू. बूट काढा आधी, सोलवटलंय किती."

खिडकीबाहेर शहर एकदम शांत होतं, अशी शांतता फक्त सुट्टीच्या दिवशी असते. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने मान वळवली. फार थकलेली बाई. सकाळचं संध्याकाळी तिच्या लक्षात राहत नसे.

"सिस्टर, हे कोण गं?" तिने विचारलं.

सिस्टरांनी पट्टी गुंडाळता गुंडाळता वर पाहिलं. केसांवरची टोपी सरळ केली.

"माझे मिस्टर," त्या म्हणाल्या.

"होय? चांगले आहेत."

सुट्टीवाले अवघडून उठून उभे राहिले, एका पायात बूट, एक अनवाणी.

सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. थर्मामीटर लावला, उशी सारखी केली, पाणी पाजलं. परत येताना म्हातारीने त्यांच्या पदराला हात लावला.

"सिस्टर, हे कोण उभे आहेत गं?"

"माझे मिस्टर, आजी."

दिवे लागले. बदलीची सिस्टर काही आली नाही. म्हातारी थोडा वेळ डोळा लावायची, जागी व्हायची आणि पुन्हा विचारायची. आणि सिस्टर प्रत्येक वेळी हातातलं काम ठेवून, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायच्या.