दुसरा शिपाई

व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या रिमोटच्या वायरीभोवती केसांचं काळं रबर होतं — माधवीनं जाताना गुंडाळून ठेवलं होतं तसंच, आणि त्यात तिचा एक लांब केस अडकलेला. ऋषिराजनं तो ओढून पाहिला, तुटेल असं वाटलं म्हणून सोडून दिला. टीव्हीवर बंदूकवाले दोन शिपाई उड्या मारत उतरले, एक निळा, एक लाल. म्हणजे आजही त्यानं दोघांचाच गेम लावला होता. घरात एकटा माणूस, आणि बोट जातं ते दोघांवर... सवय, दुसरं काय!

भवानीनगरच्या कॉलनीत दुपारी चिटपाखरू नव्हतं. गळीत संपलेलं, कारखान्याची चिमणी गार, उसाच्या ट्रॅक्टरांची गाणी बंद. हंगामात एकटं वाटायला सवडच नसते. बॉयलरपाशी पाळी भरली की घर म्हणजे नुसती पाठ टेकायची जागा. आता मात्र घर अंगावर येत होतं. स्वतःच्या खोकल्याचा आवाज ऐकून सकाळी तो दचकला होता. त्यानंतर लगेच मेहुण्याचा, संभाजीचा, पणदऱ्याहून फोन.

“दाजी, उद्या धोंडा हाय. आईनं बोलावलंय तुमास्नी.”

“माधवी काय म्हणते?”

“ताई काय म्हणत न्हाय. पर पुरणाची डाळ तीच निवडत बसलीया.”

“बघतो,” ऋषिराज म्हणाला.

बघतो म्हणे! अधिक महिना येतो तीन वर्षांनी एकदा, जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, आणि हे जावईबापू बघणार. उद्या तो पाट रिकामा राहिला तर पणदऱ्यात कुणाला काही सांगावं लागणार नाही. बायको टाकली, एवढं गाव आपोआप समजेल. आणि तीही समजेल.

पण टाकली का मी तिला? सासरे गेले कार्तिकात. जावयानं दहाव्याला जायचं, तेरावं झालं की बायकोला बरोबर घेऊन यायचं — रीतच ती. पण बॉयलर नुकताच पेटला होता... म्हणून फोनवर म्हणालो, तूच ये एसटीनं. ती “बरं” म्हणाली, आणि आली नाही. आली असती तर काय झिजली असती? बाप गेलेली बाई, पिशवी घेऊन एकटी स्टँडवर उभी... हे चित्र मात्र तेव्हा डोळ्यांपुढे आलं नव्हतं. आलं ते आज, हातात रिमोट असताना.

निळा शिपाई धावत पडद्याच्या पुढच्या कडेला पोचला आणि तिथंच पाय आपटू लागला. लाल, माधवीचा, मागच्या कडेला उभा. दोघांच्या खेळाची ही खोड, मागचा पुढे आल्याशिवाय पडदा हलत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, त्याची आई — तेव्हा ती होती — आतल्या खोलीत झोपली की दोघं टीव्हीचा आवाज बंद करून हाच गेम खेळायची. नवी नवरी, पदर खोचलेला, जीभ दातांत धरलेली... खड्डा आला की ती थबकायची. “चल की पुढं, पडदा अडलाय!” तो खालच्या आवाजात खेकसायचा. “मला न्हाय येत उडी. तुमी या की जरा मागं.” तो कधी गेला नाही. मग ती डोळे मिटून बटण दाबायची, खड्ड्यात पडायची आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून हसायची.

लाल शिपायाला गोळी लागली. एक जीव गेला. आता नुसतं थांबायचं, उरलेलेही जातात, लाल दिसेनासा होतो आणि पडदा मोकळा... गळीत संपल्यापासून तो असाच तर खेळत आला होता. रोज, चहा पीत, लाल संपायची वाट बघत. अरे देवा! ऋषिराज, काय करत होतास रे तू?

त्याचा अंगठा आपोआप उलट्या बाजूला वळला आणि निळा शिपाई मागे चालू लागला. सरळ चालला, काही अडचण नाही. इतक्या वर्षांत करून बघितलं नव्हतं एवढंच. लालच्या शेजारी जाऊन तो उभा राहिला आणि समोरून येणाऱ्यावर गोळ्या झाडत राहिला. पडदा काही हलला नाही. न हलो.

ऋषिराजनं दुसऱ्या रिमोटचं रबर हलक्या हातानं सोडवलं, केसासकट मनगटात चढवलं. इतके महिने राग राग म्हणून जे उराशी धरलं होतं ते आता चाचपडूनही सापडत नव्हतं. होती ती भीती — की उद्या आपण जाऊ, पाटावर बसू, सगळ्यांदेखत म्हणू, चल, न्यायला आलोय... आणि ती ताटात धोंडा वाढत, मान वर न करता, “बरं” म्हणेल.