सुटीच्या दिवशी भरलेलं घर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि नदीकाठची एक गल्ली डोळ्यांपुढे आणा. तुम्हाला घरोघरी जाऊन ठरवायचंय, पूर आला तर आधी मदत कुणाला लागेल. चिमीच्या आईचं कामच ते होतं. चालता न येणारं माणूस एकटं असेल, तर ते घर नकाशावर लाल. त्याला उचलायला धडधाकट माणसं असतील, तर हिरवं. बचावाची नाव आधी लाल घरांकडे जायची.

सुटीच्या दिवशी सगळे घरी सापडतात, म्हणून आई तेव्हाच फिरायची. चिमीही शेपटासारखी मागे असायची. शिवणवाल्या आजींचे गुडघे कामातून गेले होते, पण घर कसं भरलेलं! मुलगा, सून, दोन तरणेताठे नातू.

"आजी, पूर आला तर तुम्हाला उचलणार कोण?"

"हे दोन रेडे पोसलेत कशाला?" आजी म्हणाल्या.

"आधी ते शिलाई मशीन सोड, मग उचलतो!" नातू म्हणाला.

सगळे खो-खो हसले. आईही हसली. घर हिरवं झालं.

पाणी शिरलं ते मात्र कामाच्या दिवशी, भर दुपारी. मुलगा-सून कारखान्यात, नातू कॉलेजात, रस्ते बंद. नाव लाल घरं करत करत आजींच्या दाराशी पोहोचली, तेव्हा अंधारून आलं होतं. आजी छातीभर पाण्यात, मशीनला घट्ट धरून होत्या. तेव्हा वाचल्या, पण अंगात शिरलेला गारठा काही हटला नाही. थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

आईने नकाशावरच्या त्या हिरव्या घरावर बोट ठेवलं.

"दुपारी घरात कोण असतं, एवढंच विचारायचं होतं गं. कसं सुचलं नाही मला?"

"मग आता विचार ना," चिमी म्हणाली.

"आता विचारून आजी परत येणार आहेत का?"

शाळेत अजून चिखल होता, त्यामुळे सुटीच होती. मोठी माणसं मात्र कामाला लागली होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चिमीने आईला हाताला धरून गल्लीत आणलं आणि पहिल्याच दाराची कडी वाजवली.

आत सामसूम.

"कोणी नाही, चल," आई म्हणाली.

"थांब गं. गुडघे दुखत असले तर दारापर्यंत यायला वेळ लागतो."

आणि चिमी त्या घराच्या ओल्या पायरीवर बसून वाट पाहू लागली.