पगारे काकांची फियाट

मित्रांनो, नाशिक रोडच्या कॉलनीत एखादा पतंग कटून माझ्या टपावर पडला, की तुम्ही माझ्या बॉनेटवर पाय देऊन चढायचात. निळ्या ताडपत्रीखाली काय आहे, हे मात्र तुमच्यापैकी कोणी विचारलं नाही. म्हणून आज मीच सांगते. मी एक जुनी फियाट मोटार आहे.

माझा जन्म मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात झाला. माझा रंग मोतिया होता. तिथून मी नांदगावच्या एका डॉक्टरांकडे आले. त्या काळी तालुक्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. वाड्यावस्त्यांवर आजारी माणसं माझी वाट बघत बसायची, अडलेल्या बायकांना मी दवाखान्यात आणायची. मी आले की लोक म्हणायचे, "आली डॉक्टरांची गाडी," आणि त्यांच्या जिवात जीव यायचा.

मला चालवायचे धोंडीराम पगारे. रोज सकाळी ते मला आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसायचे. त्यांचा लहान मुलगा महेश शाळेत जाता जाता चाकापाशी येऊन उभा राहायचा. त्याला आत बसायची फार हौस. पण धोंडीराम म्हणायचे, "गाडी आपली नाही, बाळा. पुसायचं काम तेवढं आपलं." तो मुकाट्याने दप्तर सावरून निघून जायचा.

डॉक्टर थकले आणि मी विकली गेले. मग मालक बदलत राहिले. शेवटचा मालक मला मनमाडला एका पत्र्याच्या शेडमागे लावून विसरून गेला. एक दिवस तिथे कानशिलावर केस पिकलेला एक माणूस आला. त्याने माझा नंबर वाचला, दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे बसून दोन्ही हात चाकावर ठेवले. तो महेश होता, तुमचे पगारे काका. नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात नोकरीला लागला होता. वडील वारले होते. ज्या सीटवर त्यांचा जन्म गेला, ती सीट त्याने विकत घेतली होती.

त्यानंतरचे रविवार माझे होते. महेश सकाळीच खाली यायचा, सतरंजी अंथरून माझ्याखाली शिरायचा. त्याने पत्रा ठोकून सरळ केला, ब्रेक बसवले, वायरिंग बदललं. त्याची बायको छाया शाळेत शिक्षिका होती. वरच्या गॅलरीतून ती म्हणायची, "अहो, निदान जेवायला तरी वर या. का ताट तिथेच पाठवू?" महेश हसायचा. आता फक्त इंजिन तेवढं राहिलं होतं. त्यासाठी त्याने माझा कार्बोरेटर काढला, प्लग काढले आणि सगळं एका डब्यात जपून ठेवलं.

अशाच एका रविवारी त्याच्या हातून एक नट खाली पडला. माझ्या टायरजवळ लख्ख उन्हात तो चमकत होता. महेश मात्र दोन्ही तळव्यांनी जमीन चाचपत होता. एकदा त्याचा हात नटाच्या अगदी जवळून गेला, तरी तो त्याला सापडला नाही. वरून छायाने विचारलं, "काय शोधताय?"

"काही नाही. हात पुसतोय," तो म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं. पण गाडीला तोंड कुठे असतं?

पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. छायाला त्याने सांगितलं की आता गाडीचा कंटाळा आला. मग एका संध्याकाळी तो खाली उतरला, माझ्यावर ताडपत्री घातली आणि चाचपत चाचपत दोऱ्या बांधल्या. प्लगची भोकं उघडीच राहिली. पावसाळे आले आणि गेले. ओल माझ्या आत शिरली. पिस्टन गंजून सिलिंडरला असे चिकटले, की जणू एकाच लोखंडाचे होते.

वरच्या घरात काय झालं, ते मला जिन्यातल्या बोलण्यावरून कळत गेलं. काचबिंदू होता. थेंब झाले, ऑपरेशन झालं, पण फार उशीर झाला होता. महेशने नोकरी सोडली आणि खाली येणंही सोडलं.

यंदा कॉलनीत पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. बंद गाड्या हलवा, नाहीतर भंगारवाला नेईल, असा निरोप आला. छायाने चांदवडच्या गोरक्षला बोलावलं. तो जुन्या गाड्या घेऊन दुरुस्त करतो, लग्नसराईत भाड्याने देतो. त्याने ताडपत्री काढली, पुढून इंजिन फिरवायचं हँडल घातलं आणि जोर लावला. मी तसूभरही हलले नाही.

"ताई, इंजिन जाम हाय," तो म्हणाला. "पार्टासाठी नेतो. गाडी म्हणून आता काय उपेग नाय हिचा."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. महेश भिंतीला हात लावत उतरत होता. कितीतरी वर्षांनी मी त्याला पाहिलं. दाढी वाढली होती, अंगाने आटला होता.

"बंद पडलेली गाडी मी कोणाला देणार नाही," तो म्हणाला. "चालू करतो, मग तू ने. पण तोडायची नाही."

गोरक्ष चाचरला. "दादा, जयभीम. पण तुमाला आता..."

"मी आहे ना," छाया म्हणाली. "काय दिसतं ते मी सांगेन."

तिला हे सुचलं कसं, कोण जाणे. तिने आयुष्यात कधी पाना हातात धरला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली. महेशच्या सांगण्यावरून तिने प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑईल ओतलं. रोज संध्याकाळी दोघं यायचे. ती थोडं तेल घालायची आणि तो हँडल हलकेच मागेपुढे करायचा.

"जोर लावू का मी पण?" ती विचारायची.

"नको. जोर लावला तर आत काहीतरी तुटेल. तेलाला मुरू दे."

अशा संध्याकाळी ते माझ्या मडगार्डला टेकून बसत. आधी फक्त कामापुरतं बोलत. हळूहळू ती त्याला समोरचं सांगू लागली. बोगनवेल फुललीय, शेजाऱ्यांनी गेटला हिरवा रंग दिलाय. तो ऐकत राहायचा.

एकदा ती बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "तो नट पडला होता ना, त्या दिवशी मी वरून पाहत होते. मला दिसत होता तो. तुमची गंमत वाटली मला. हसले मी."

महेशचा हात हँडलवर तसाच राहिला.

"तुम्हाला दिसत नव्हतं, तर मला सांगितलं का नाहीत? तेव्हाच थेंब सुरू झाले असते. निदान एक डोळा तरी राहिला असता."

"भीती वाटली," महेश म्हणाला. "वाटलं, बोललो तर खरं होईल."

छायाने डोळे पुसले. त्याला ते दिसलं नाही, पण कळलं असावं, कारण त्याने चाचपून तिचा तेलकट हात धरला. तिनेही तो सोडवून घेतला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हँडलला हिसका बसला आणि माझ्या पोटात कट् असा आवाज झाला. महेश जागीच थांबला. त्याने पुन्हा हलकेच फिरवलं. हँडल थोडं गेलं, मग आणखी थोडं, मग पूर्ण फेरा. प्लगच्या भोकांतून गंजाचं तांबडं तेल उडालं आणि छायाची साडी माखली.

"फिरलं," ती म्हणाली. "अहो, फिरलं."

महेश बॉनेटवर कपाळ टेकून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

पुढे डब्यातला एकेक भाग त्याने बोटांनी ओळखून बसवला. नवं ऑईल, नवी बॅटरी आली. पेट्रोलची टाकी गंजलेली म्हणून छायाने बॉनेटखाली तारेने पेट्रोलची बाटली टांगली. पहिल्यांदा मी नुसती खोकले. मग धूर ओकत, थरथरत सुरू झाले. माझा आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता. एका सिलिंडरवर ओरखडे उठले होते, ते आता जाणार नव्हते. तरी मी चालू होते.

सकाळी कॉलनीचं मैदान रिकामं असतं. छायाने त्याला स्टिअरिंगमागे बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. "सरळ जाऊ द्या," ती सांगत होती. "आता जरा डावीकडे. बस, बस. पुढे मोकळं आहे." मैदानाची एकच फेरी झाली. महेश वडिलांसारखा ताठ बसला होता. गाडी बंद केल्यावरही त्याने हात उचलले नाहीत. छायाने घाई केली नाही.

रविवारी गोरक्ष आला. "दादा, ठेवून घ्या ना," तोच म्हणाला.

"चालवणार कोण? पुन्हा उभी राहून गंजेल," महेश म्हणाला. "तुझ्याकडे रस्त्यावर तरी राहील."

त्याने माझ्या टपावरून, दारावरून, दिव्यांवरून एकदा हात फिरवला. गेटबाहेर पडताना माझ्या आरशात दोघं दिसत होते. छायाने त्याचा दंड धरला होता. मी आग्रा रोडच्या दिशेने वळले, तेव्हा ती बहुधा घरी चला म्हणत असावी. तो मात्र हलत नव्हता. कान माझ्या दिशेला लावून उभा होता.

आता मी चांदवडला, आग्रा रोडच्या कडेला असते. कधी कधी छायाचा फोन येतो. गोरक्ष मला सुरू करतो आणि मोबाईल बॉनेटजवळ धरतो. पलीकडून महेश इतकंच म्हणतो, "जरा वेळ राहू दे चालू."

मित्रांनो, उभ्या गाडीला अधूनमधून सुरू करा, तिच्या आत पाणी जाऊ देऊ नका. एवढं केलंत तरी आम्ही पुष्कळ वर्षं टिकतो. आणि घरातल्या कोणी मन लावून करायचं काम एकाएकी सोडलं, तर त्याला कंटाळा आला असेल असं समजून गप्प बसू नका. जवळ जा. काय शोधताय, असं एकदा विचारा. तो 'काही नाही' म्हणाला, तर खाली उतरा आणि पुन्हा विचारा.